समईजवळचा मेणाचा ठोकळा

मित्रांनो, काडेपेटीहून लहान, कडेला पेन्सिलीने क्रमांक लिहिलेला मेणाचा एक जुना ठोकळा आज तुमच्याशी बोलतो आहे. सोलापुरातील एका प्रयोगशाळेच्या कपाटात मी राहतो. माझ्या पोटात कुंभारी गावच्या भुवनेश्वरीबाईंच्या स्तनातील गाठीचा तुकडा आहे. ती गाठ कर्करोगाची होती. ज्याने त्यांना छळले त्यालाच मी जपतो, याची मला पुष्कळ दिवस लाज वाटे.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर उत्कर्षा यांनी त्या तुकड्यावर वितळलेले मेण ओतले आणि मी जन्मलो. माझे केसाहून पातळ काप काढून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गाठ हरभऱ्याएवढी होती, काखेपर्यंत पोचलेली नव्हती. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी मात्र आणखी एक तपासणी सांगितली. केमो द्यावी की नाही, हे त्यांना अजून उमगत नव्हते.

"एवढीशी तर गाठ. अजून तपासणी कशाला, मॅडम?" भुवनेश्वरीबाईंचे पती संगप्पा म्हणाले. ते चादरीच्या मागावर काम करतात.

"मागावर ताण्याचे उभे धागे तेच असतात ना? मग कधी मोर उठतो, कधी वेल. कशामुळं?" डॉक्टरांनी विचारले.

"कुठले धागे उचलले त्यावर की!"

"तसंच हे. पेशीपेशीत जनुकं साधारण तीच. कुठली जागी, कुठली निजलेली, त्यावर गाठीचं वागणं ठरतं. पेशींना भराभर वाढवणारी, जागा सोडून दूर जायला लावणारी जागी असतील, तर लहान गाठही पसरते."

ही जाग मोजण्यासाठी संगप्पा मला सोमवारी मुंबईला नेणार होते; तोवर मी त्यांच्या घरी राहणार होतो. "जपा हं. एवढाच तुकडा शिल्लक आहे," डॉक्टरांनी बजावले.

संगप्पांच्या आईने, शिवबाईंनी, मला खरोखरच जपले. घरातील मोलाची वस्तू जिथे ठेवतात तिथे, भिंतीतल्या देवळीत, तेवत्या समईला अगदी खेटून! थोड्याच वेळात माझा एक कोपरा ओघळू लागला. मला हाक मारता येत नव्हती. मी संपलो तर भुवनेश्वरीबाईंच्या प्रश्नाचे उत्तरही संपणार होते. माझी लाज त्या क्षणी गळून पडली.

"अत्ती, मेण हाय ते! वितळतंय की!" भुवनेश्वरीबाई सासूवर ओरडल्या.

"देवापाशी ठेवलं व्हतं गं. लई मोलाचं हाय म्हणाला संगप्पा."

"देवाला चटका बसत न्हाय, ह्याला बसतो!"

त्यांनी मला डबीत घालून माठाच्या सावलीत ठेवले. तुकडा बचावला. मुंबईत माझे आणखी काप काढले, मी सोलापूरला परतलो आणि उत्तर आले: दूर जायला लावणारी जनुके टक्क जागी होती. केमो द्यावीच लागली. भुवनेश्वरीबाईंचे केस गेले, तेव्हा शिवबाईंनी आपली जुनी इरकल फाडून त्यांच्या डोक्याला रुमाल बांधला. "आता आपण दोघी एकाच लुगड्यातल्या," त्या म्हणाल्या.

दोन वर्षांनी दोघी तपासणीसाठी आल्या. भुवनेश्वरीबाईंच्या वेणीत अबोली होती.

"आमचा मेणाचा देव बरा हाय का?" शिवबाईंनी विचारले. डॉक्टर हसल्या आणि त्यांनी कपाट उघडले. भुवनेश्वरीबाईंनी माझ्या ओघळलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवले.

"हितंच ऱ्हा बाबा. पुन्यांदा घरी येऊ नगंस."

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी संकोचाने गाठ लपवत असेल, तर त्यांना बोलते करा. 'लहानच आहे' म्हणून गप्प बसू देऊ नका. माझ्यासारखा कुणी तुमच्या हाती आला, तर त्याला सावलीत ठेवा. कापून कापून मी आता अगदी पातळ झालो आहे. माझ्यात एकच काप उरला आहे. गाठ पुन्हा उद्भवून तो कापण्याची वेळ कधी येऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.