मोहिनीचं लग्न उघडेना

मोहिनीचं लग्न होऊन बारा दिवस झाले होते, आणि तिचा सख्खा भाऊ ते बघायला आज आला होता.

लग्नाच्या दिवशी जीवन माजलगावकडं ऊस तुटलेल्या रानात दोनशे मेंढरं बसवून होता. मेंढरांपाशी घरातलं कुणीतरी लागतंच, मग घरी लग्न असो की मयत. बापाला कन्यादान करायचं, म्हणून मागं राहिला भाऊ. आज चुलत्याला मेंढरांपाशी ठेवून, दोन एसट्या बदलून तो उमापुरात उतरला आणि घरी न जाता थेट तेजश्रीच्या दारात उभा राहिला. तेजश्रीचा नवरा गहिनीनाथ लग्नांची शूटिंग करायचा आणि घरी बसून त्यांचे पिक्चर जोडायची ती.

"चारच्या गाडीनं माघारी जायचंय, वयनी. तेवढं लगीन दावा."

आणि मोहिनीचं लग्न नेमकं आजच उघडत नव्हतं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर बिनझाकणाचा काळा डबा घुं घुं करत होता. आत चार हार्ड डिस्क, एकीवर एक. सहा वर्षांची लग्नं, सहा वर्षांच्या हळदी त्या चौघींनी वाटून घेतलेल्या. एक पडली तर उरलेल्या तिघी तिचं ओझं उचलणार. दुसरी पडली की सगळंच भुईला. काल संध्याकाळपासून एक आजारी होती. धड मरत नव्हती, धड चालत नव्हती, आणि बाकीच्या तिघी तिच्यापायी खोळंबल्या होत्या. कॅमेऱ्यातली कार्डं गहिनीनाथनं कधीच पुसून घेतली होती. आत्ताही तो मांजरसुंब्याला कुणाच्या तरी हळदीत होता.

आजारी डिस्कचा नंबर कॉम्प्युटर सांगत होता. पण डिस्कांवर नंबर होता कुठं? खंडेनवमीला गहिनीनाथनं धूळ झाडायला चारी डिस्क बाहेर काढल्या, आणि त्याच्या आईनं, बायनाबाईंनी, विळ्या-कुदळींबरोबर त्याही ओल्या फडक्यानं पुसून, नखानं खरवडून, लख्ख करून पूजेला मांडल्या. लेबलं गेली केरात.

"अवजार हाय, तर चिकट कागद काहून ठेवायचा त्याला?" बायनाबाई आजही मागं हटायला तयार नव्हत्या.

"आत्या, तो कागद म्हंजे तिचं नाव होतं."

"मला काय ठावं? माझ्या खुरप्याला न्हाई कधी नाव लागलं."

तेजश्रीनं बीडच्या कॉम्प्युटरच्या दुकानात प्रविणला फोन लावला. नवी डिस्क त्यानंच सकाळी गाडीतून पाठवली होती. तो म्हणाला, "वहिनी, मशीन बंद करा, आजारी तेवढी काढा, तिघींवर चालू करा. पण एकदाच. जुन्या मोटारी हायत, सारखं बंद-चालू केलं तर दुसरी कवा बसंल सांगता येत न्हाई."

एकदाच. चौघींतली एक. तिनं डब्याला कान लावला. चौघींचा सूर एकात एक मिसळलेला, वरून पंख्याची घरघर.

जीवन जवळ आला. "हात लावला तर चालंल का?"

"चालंल. पण हलवू नका, भाऊ."

"हलवत न्हाई. बसलेलं मेंढरू न उठवताच बघावं लागतं."

त्यानं डोळे मिटले. बोटांची टोकं पहिलीवर टेकली, दुसरीवर टेकली, तिसरीवर थबकली. चौथीवर जाऊन पुन्हा तिसरीवर आली.

"ही. बाकीच्या एका लयीत रवंथ करत्यात. ही मधीच थांबती, गचका देती, पुन्हा धरती."

"आन चुकलं तर?" बायनाबाईंनी विचारलं.

"तर मोहिनीचं पुन्हा लगीन लावू, काकू. नवरा तोच चालंल."

तेजश्रीला हसू आलं. तिनं स्वतःची बोटं तिसरीवर ठेवली. नुसती थरथर. ती थांबली, श्वास रोखून थांबली. आणि लागला तिलाही, बारीकसा गचका, उचकी लागल्यागत. थोड्या वेळानं पुन्हा.

तिनं बटण दाबलं. डबा मुका झाला. तिसरीची वायर काढली, देवाचं नाव घेतलं, पुन्हा बटण.

एक मोटार उठली. दुसरी उठली. उरलेल्या शेवटचीनं जीव टांगणीला लावला, कुरकुरली आणि उठली. पडद्यावर यादी सरसर खाली धावली, त्यात मोहिनीचं नाव, आणि बोट लावताच ते उघडलं.

"उघडलं," ती एवढंच म्हणाली, पण गल्लीत ऐकू जाईल असं.

लग्न आधी लॅपटॉपवर उतरवून घेतलं. मग नवी डिस्क रिकाम्या जागी बसवली, आणि जुन्या तिघी आपल्यातलं थोडं थोडं तिला देऊ लागल्या. एक टक्का, दोन टक्के. तिकडं बघायला आता कुणाला सवड नव्हती. जीवन लॅपटॉपपुढं मांडी घालून बसला होता आणि मांडवात अक्षता पडत होत्या.

मग भटजी विचारताना दिसले, नवरीचा भाऊ कुठाय, कान पिळायला? गर्दीतून चुलतभाऊ राम पुढं सरकला. मुंडावळ्या बांधलेल्या मोहिनीनं त्याला हातानंच थांबवलं, शेजारी बसलेल्या नवऱ्याचा कान धरला आणि असा पिळला की फेटा कलला.

"ह्यो जीवनदादाचा मान," ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली. "तो मेंढरांपाशी हाय."

जीवन हसत होता आणि गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"वयनी, जरा मागं घ्या. अजून एकदा पिळू द्या तिला."

तेजश्रीनं मागं घेतलं. पुन्हा घेतलं. पाचव्या खेपेला बायनाबाईच म्हणाल्या, "आता पुरं कर बाबा, जावयाचा कान सुजंल."