एकशे चाळीस पावलांचा पूल

मी निघताना चिरंजीवांनी अट घातली होती. रोज संध्याकाळी सहाला फोन करायचा, आणि ज्या दिवशी दम लागून रस्त्यात बसावं लागेल, त्या दिवशी सामान बांधून परत यायचं. मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

शिवाय माझ्या फोनात त्यानं काहीतरी करून ठेवलं होतं. त्यामुळे मी या शहरात कुठे फिरते आहे ते त्याला घरबसल्या एका ठिपक्यात दिसायचं. चौतीस वर्षं भूमापन कचेरीत मी लोकांच्या विहिरी आणि विजेचे खांब ठिपक्यांनी दाखवले, आणि आता निवृत्त झाल्यावर स्वतःच ठिपका झाले.

कचेरीत माझं काम नकाशे उतरवायचं. मोजणीदार बाहेर जाऊन, उन्हातान्हात मोजून कच्चा कागद आणायचे. मी त्यावर पातळ कागद पसरायचा आणि त्यांच्या रेघेवरून शाईची रेघ ओढायची. हात असा होता की साहेब नव्या माणसांना माझ्या टेबलाशी उभं करून दाखवायचे. पण त्या चौतीस वर्षांत मला एक गल्लीसुद्धा मोजू दिली नाही. बायकांना मोजणीवर पाठवत नाहीत, एवढंच उत्तर. अर्ज करून करून मी थकले आणि मग गप्प बसले, पण राग काही गेला नाही.

तो राग मी या शहरावर काढला. कचेरीच्या एका प्रशिक्षणाला पहिल्यांदा इथे आले आणि जीव जडला. इथली एक गल्ली सरळ जाईल तर शपथ. मग दरवर्षी आठ दिवसांची रजा टाकून एकटी यायचं, मालकीणबाईंच्या लॉजमध्ये दुसऱ्या मजल्यावरची तीच खोली घ्यायची आणि एकेक भाग स्वतःच्या पावलांनी मोजून नकाशात भरायचा. चौदा खेपा झाल्या. राहिला होता टेकडीमागचा तळहाताएवढा कोरा तुकडा. पंधराव्या खेपेचं तिकीट काढलं आणि जग बंद झालं. पुढच्या वर्षी मी स्वतःच एकोणीस दिवस इस्पितळात, नाकात नळी घालून पडले होते. छताकडे बघत होते आणि डोळ्यांपुढे तो कोरा तुकडा होता. मेले तर तो तसाच राहणार याचा मला मरणापेक्षा जास्त संताप आला होता.

आता तीन वर्षांनी रस्ते खुले झाले, तशी मी आले.

मालकीणबाई होत्या तशाच होत्या. फक्त आता कुणी जवळ आलं की एक पाऊल मागे सरकायच्या. जिना चढताना मी दोनदा थांबले ते त्यांनी खालून पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर जिन्याच्या मधल्या वळणावर एक खुर्ची. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, पाहुण्यांसाठी. अख्ख्या लॉजमध्ये पाहुणी मी एकटीच होते.

माझी पद्धत ठरलेली. नवा भाग धरण्याआधी जुन्या ओळखीच्या रस्त्यावर पाय लावून घ्यायचे. लॉजच्या दारापासून पुलाच्या तोंडापर्यंत वहीत पाचशे साठ पावलं लिहिलेली, म्हणजे चारशे मीटर. शंभर मीटरला माझी एकशे चाळीस पावलं, ही चौदा वर्षांत काळ्या दगडावरची रेघ. त्या दिवशी चालत गेले आणि आकडा आला सहाशे बहात्तर.

मोजताना लक्ष उडालं असेल म्हणून परत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. दोन्ही वेळा सहाशे बहात्तरच्याच आसपास. मालकीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की सगळं बंद होतं तेव्हा पाण्याच्या नळासाठी तो रस्ता खणला होता, फूटपाथही नवा बांधला. मग माझी खात्रीच पटली. त्या लोकांनी रस्ता वळवून ऐंशी मीटरनं लांबवला होता आणि माझ्या नकाशाचा सत्यानाश केला होता. डोक्यात तिडीक गेली. नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि तडक नगरपालिकेत गेले.

नकाशांच्या खिडकीवरचा कारकून किडकिडीत आणि सभ्य होता. सभ्य माणसाशी भांडणं फार अवघड जातं. त्यानं नवा नकाशा काढला, पट्टी लावली आणि सांगितलं की रस्ता चारशे मीटरच आहे, मागच्याच वर्षी यंत्रानं मोजलाय. मी म्हटलं, तुमचं यंत्र चुकलंय. तो हसला नाही, याबद्दल त्याला मी आजही मानते. माझा नकाशा त्यानं टेबलावर उलगडला आणि बराच वेळ बघत राहिला. मग कोऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"ताई, हा भाग आहे आमच्याकडे," तो म्हणाला. "पातळ कागदही देतो. इथेच बसून उतरवून घ्या, तुम्हाला तासाभराचं काम."

खोटं कशाला बोलू, माझा हात शिवशिवला. पाय दुखत होते, छातीत भरून आलं होतं, आणि समोर स्वच्छ, अचूक, तयार रेघा होत्या. तासाभरात नकाशा पुरा झाला असता आणि दुसऱ्या दिवशी मी घरी.

"आयुष्यभर दुसऱ्यांनी मोजलेलंच उतरवलंय," मी म्हटलं. "हा एवढा माझा आहे."

आणि वर, रस्ता कसा लांबलाय ते आत्ता पुलावरून सिद्ध करून आणते, अशी फुशारकीही मारली. पुलावर का, तर पहिल्या खेपेला माझं पाऊल मी तिथेच मोजलं होतं. कठड्यावर लोखंडी पाटी आहे, लांबी शंभर मीटर. त्या पुलावर माझी एकशे चाळीस पावलं पडतात हे दाखवलं की त्यांच्या रस्त्याचं पितळ उघडं पडणार होतं.

पुलाच्या या टोकाला दोन्ही टाचा जुळवून उभी राहिले आणि निघाले. एकशे चाळीस झाली तेव्हा पलीकडचं टोक अजून दूर होतं. पावलं मोजत गेले. एकशे अडुसष्टला पोचले.

रस्ता खणता येतो, वळवता येतो. पूल कसा लांबणार? मी पाटीकडे बघत उभी राहिले आणि तोंडात मारल्यासारखं झालं. शहर होतं तिथेच होतं. माझं पाऊल आखूड झालं होतं. चौतीस वर्षं नकाशांत घालवलेल्या बाईनं सगळ्या शहराला खोटं ठरवलं, नगरपालिकेत जाऊन भांडली, पण मोजपट्टी तपासायचं तिला सुचलं नाही. कारण मोजपट्टी ती स्वतः होती.

मग दमही लागला. कठड्याजवळच्या बाकावर बसले आणि रडले. कुणी बघितलं असेल तर बघो. इस्पितळातून बाहेर आले म्हणजे होती तशी बाहेर आले, असं मी धरून चालले होते. तसं झालेलं नव्हतं.

सहा वाजता तिथूनच फोन लावला. लपवायचं मनात आलं होतं, पण ठिपका अर्धा तास पुलावर थांबलेला त्याला दिसला असणारच.

"आज बसावं लागलं," मी म्हटलं.

चिरंजीव हळूच म्हणाला, "आई, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. मी मोडतेय. नकाशा झाल्याशिवाय मी येत नाही."

त्यानं समजावलं, चिडला, सूनबाईंच्या हातात फोन दिला. मी सगळं ऐकून घेतलं आणि उद्या सहाला करते म्हणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावर गेले आणि पाच वेळा तो चालले, मध्ये बसून, पाणी पिऊन. तीनदा मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, असं आमचे साहेब म्हणायचे. मी दोनदा जास्त मोजलं. एकशे सदुसष्ट, अडुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर, अडुसष्ट. वहीत नवं पान उघडून लिहिलं: शंभर मीटरला एकशे अडुसष्ट. लिहिताना हात स्थिर होता. पाऊल आखूड झालं तर झालं, किती आखूड झालं ते कळलं की त्यानंही मोजता येतं.

टेकडीमागच्या वस्तीला तीन दिवस लागले. पूर्वी एका दिवसाचं काम. दम लागला की फूटपाथच्या कडेला खडूनं फुली मारायची, वहीत आकडा लिहायचा, बसायचं, आणि उठल्यावर त्याच फुलीवर टाच ठेवून पुढे निघायचं. कपडे वाळत घालणाऱ्या एका बाईनं वरून विचारलं की काय हरवलंय. मी म्हटलं, काही नाही, शोधून झालं की सांगते.

शेवटची गल्ली चढाची होती. तिच्या डोक्याशी नकाशा संपत होता. अर्ध्यावर पायांनी दगा द्यायला सुरुवात केली. वही पिशवीत, पिशवी खांद्यावर, आणि पिशवी काढायला थांबले तर पुन्हा चालू लागणार नाही अशी भीती वाटू लागली. तेवढ्यात फोन वाजला. ठिपका फार हळू सरकतोय म्हणून चिरंजीव घाबरला होता.

"दोनशे बारा," मी म्हटलं. "बोलू नकोस, आकडा विसरेन."

आणि फोन ठेवला. थोड्याच पावलांवर मला थांबावंच लागलं. भिंतीला हात लावून श्वास घेत होते आणि त्या नादात आकडा खरोखरच डोक्यातून गेला. दोनशे वीस की दोनशे तीस, काही केल्या आठवेना. आता खाली जाऊन पुन्हा सुरुवात करायची ताकद नव्हती.

फोन थरथरला. त्याचा निरोप होता. "२१२ लिहून ठेवलंय. पुढचे आकडे सांगत जा."

मोजणीवर नेहमी दोघं जातात. एक चालतो, एक लिहितो. हे त्याला मी कधी सांगितलं नव्हतं. मी परत फोन लावला, आणि फोन वाजला त्या जागी मागे जाऊन उभी राहिले. तिथे एक हिरवं दार होतं, ते लक्षात होतं. तिथून पुढे प्रत्येक दहा पावलांना मोठ्यानं आकडा सांगत गेले आणि तिकडून तो "हं" म्हणत गेला. बाकी एक शब्द बोलला नाही. माथ्यावर पोचले तेव्हा तीनशे एक्केचाळीस.

"तीनशे एक्केचाळीस," तो म्हणाला. "आता बस कुठेतरी."

मी बसले.

निघायच्या दिवशी नगरपालिकेत गेले. आधी माफी मागितली, रस्ता चारशे मीटरच आहे हे कबूल केलं. कारकुनानं माझा पुरा झालेला नकाशा त्याच्या नकाशाशेजारी ठेवला आणि गल्ल्या ताडून पाहिल्या. शेवटची गल्ली माझ्या हिशेबानं दोनशे तीन मीटर, त्याच्या यंत्राच्या हिशेबानं एकशे नव्व्याण्णव. चढावर पाऊल आणखी आखडतं, ते मी धरलं नव्हतं. चार मीटरची चूक. दुरुस्त करायला त्यानं रबर पुढे केला. मी म्हटलं, राहू दे.

नकाशाच्या कोपऱ्यात मोजणीचं प्रमाण लिहायची जागा असते. तिथे आधीपासून लिहिलेलं होतं: पूल, शंभर मीटर, एकशे चाळीस पावलं. त्याखाली लिहिलं: तोच पूल, एकशे अडुसष्ट. आणि त्याखाली पट्टी लावून आणखी एक ओळ आखली, मोकळी.

नकाशाचा फोटो चिरंजीवाला पाठवला. लगेच फोन आला. नकाशा पुरा झाला म्हणाला, मग खाली ती रिकामी ओळ कशाला?

"पुढच्या वर्षीच्या आकड्यासाठी," मी म्हटलं. "तो पूल चालल्याशिवाय कसा लिहू?"