आमेन झाल्यावर

बाळांनो, या, थोडा वेळ माझ्याबरोबर एका बाकावर बसा. कोल्हापुरातलं एक लहानसं चर्च आहे असं समजा. रविवारची उपासना चालली आहे, वर पंखा कुरकुरतो आहे, आणि पाळकसाहेबांनी नुकतंच विचारलं आहे, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते चारचौघांत उभं राहून सांगणं. आता आपल्या पुढच्या बाकावरून एक माणूस उठतो आहे. उंच, खांद्यात वाकलेला. त्याच्या हातांकडे बघा. त्यांनी पुढच्या बाकाची कड घट्ट धरली आहे. त्या दिवशी हे कुणीच बघितलं नाही.

त्याचं नाव गुंडू. शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो वितळलेलं लोखंड साच्यांत ओतायचा. त्या लोखंडाला तिथे रस म्हणतात. एकोणीस वर्षांपूर्वी रसाचं भांडं कलंडलं आणि गुंडू उभा होता त्या जागी लाल ओघळ पसरला. त्याच्या आदल्याच क्षणी तो एक पाऊल मागे सरला होता. का सरला, हे त्याचं त्यालाही कधी कळलं नाही. तेव्हापासून दरवर्षी त्याच आठवड्यातल्या रविवारी तो उठून ही साक्ष द्यायचा. सगळ्या मंडळीला ती पाठ होती. मागच्या बाकावरची मुलं ओठ हलवत त्याच्याबरोबर म्हणायची.

या वर्षी मात्र त्याला पुढचं काही सांगायचं होतं. फाउंड्रीत रस ओतणारं यंत्र आलं होतं. "शिका, न्हायतर घरी बसा," असं साहेबांनी सांगितलं होतं. गुंडू एक दिवस यंत्रापुढे उभा राहिला आणि दुसऱ्या दिवसापासून गेलाच नाही. दोन महिने झाले. रोज पहाटे उठून तो दाढी करायचा, बूट घालायचा आणि उंबऱ्यावर बसायचा. दहा वाजले की बूट काढायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. तेव्हा ते एक पाऊल मागे सरलं नसतं तर फार बरं झालं असतं, असंही हल्ली त्याच्या मनात येऊ लागलं होतं. आणि उद्याचा सोमवार शेवटचा होता. उद्या गेला नाही, तर त्याच्या जागी दुसरा माणूस घेणार होते.

'माझ्यासाठी प्रार्थना करा,' एवढंच त्याला सांगायचं होतं.

"...आणि देवानं मला मागं वढलं," गुंडू म्हणाला. "मी वाचलो." त्यानं श्वास घेतला. पुढचा शब्द 'पण' होता.

"आमेन!" सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली. आमेन म्हणजे तथास्तु, ते झालं की साक्ष संपली; दरवर्षी तिथेच म्हणायची सवय होती. पेटीवर बसलेल्या अमरसिंहनं लगेच भाता ओढला आणि गीत सुरू झालं. गुंडू तोंड उघडं ठेवून उभाच राहिला. मग बसला.

बाहेर पडताना अमरसिंहनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "झ्याक झाली की गुंडूदादा साक्ष! दरसालापरमानं!"

गुंडूला तेजस्वी नावाची मुलगी होती. लग्नानंतर खूप वर्षांनी झालेली, दहा वर्षांची. दुपारी ती वही घेऊन त्याच्या पाठीशी येऊन बसली.

"पप्पा, अर्धं पान उरलंय."

"कसलं?" तो भिंतीकडे बघतच म्हणाला.

"संडे स्कूलच्या बाईंनी घरातल्या मोठ्या माणसाची साक्ष लिवून आणायला सांगितलीया. पानभर. तुझी अर्ध्यातच संपली की."

"अक्षर मोठं काढ."

"काढलंय. तरी उरलंय."

चुलीपाशी भाकरी थापणारी त्याची बायको संयोगिता मान वर न करता म्हणाली, "लिव, मग एकोणीस वर्सं त्येच सांगत बसला."

"माझा जन्म झाला, ते पण ह्यात न्हाय," तेजस्वी फुरंगटून म्हणाली. मग तिनं विचारलं, "आमेन झाल्यावर तू तोंड उघडं ठेवून हुबा हुतास. काय म्हणणार हुतास?"

गुंडू हळूच वळला. एवढ्या मंडळीत हे एकटीनं बघितलं होतं.

"म्हणणार हुतो... मला भ्या वाटतंय."

"रसाचं?"

"न्हाय गं. रस डोळ्याला दिसतो. तीस वर्सं त्येचा रंग बघूनच मी सांगत आलो, झाला का न्हाय ते. आता काचंवर आकडं पळत्यात. शिकवणारा राजवर्धन, तेवीस वर्साचं पोरगं. सगळ्यांच्या म्होरं मला म्हणालं, काका, आदी चष्मा आणा. समदी हसली."

संयोगिताचा भाकरीवरचा हात थांबला. दोन महिन्यांत हे तो घरात बोलला नव्हता.

तेजस्वीनं वहीतल्या ओळींवरून बोट फिरवलं. "देवानं मागं वढलं," तिनं वाचलं. "देव नुसता मागंच वढतो व्हय?"

गुंडू पुन्हा भिंतीकडे वळला. तिनं साक्षीखाली मोठ्या अक्षरांत 'आमेन' लिहिलं, त्याच्याखाली पट्टीनं रेघ ओढली आणि वही मिटली.

सोमवारी पहाटे गुंडूनं दाढी केली, बूट घातले आणि तो उंबऱ्यावर बसला. नेहमीची प्रार्थना तोंडात येईना. शेवटी तो पुटपुटला, "प्रभू, आता मागं वढू नगंस." आणि उठला.

दिवस वाईट गेला. तुम्हाला खोटं कशाला सांगू? यंत्र तीनदा बंद पडलं आणि तिन्ही वेळा चूक गुंडूचीच होती. "काका, लाल बटण नव्हे ओ!" राजवर्धन लांबून ओरडला आणि पोरं पुन्हा हसली. गुंडूचे कान तापले. दाराकडे त्याचं लक्ष कितीदा गेलं, ते त्यालाच माहीत. पण सुट्टीचा भोंगा होईपर्यंत तो यंत्रापासून हलला नाही.

संध्याकाळी तो घरी आला आणि बूट न काढताच उंबऱ्यावर टेकला. तेजस्वी दारात येऊन उभी राहिली.

"जमलं?"

"न्हाय."

"मग?"

त्यानं येताना वाटेत घेतलेला नवा चष्मा खिशातून काढला, सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"उद्या सातला परत बोलिवलंय."

तेजस्वी आत गेली. वही घेऊन आली, त्याच्या शेजारी बसली आणि ते अर्धं पान तिनं गुडघ्यावर उघडलं. मग खोडरबर घेऊन तिनं 'आमेन' खोडलं. खालची रेघही खोडली, आणि वहीवरचा चुरा फुंकून टाकला.