तिसरा नंबर

भिंगरीची शर्यत असली की आई टीव्ही लावत नसे. लहानपणी तो एका जागी टिकत नसे, म्हणून हे नाव पडलेलं. मोठेपणी गाड्यांच्या शर्यतीत शिरून त्याने ते सार्थ केलं. "बघवत नाही मला," आई म्हणायची, "आणि कळल्याशिवाय चैनही पडत नाही."

त्याच्या थोरल्या बहिणीने यावर तोड काढली. तिच्या ऑफिसात शर्यतींचे निकाल आणून देणारं एक साधन बनत होतं. माणसाने फोनमधल्या सहायकाला विचारायचं, सहायकाने या साधनाला, आणि साधनाने आयोजकांकडून निकाल उचलून आणायचा. तिने ते आईच्या फोनला जोडून दिलं. पहिल्याच दिवशी फोनने हवा, टायर, फेऱ्यांच्या वेळा असं पुराण लावलं. आई वैतागली. "अगं, कितवा आला तेवढं सांगू दे त्याला. मला काय गाडी चालवायचीय?"

थोरलीने बाकीचं सगळं छाटून टाकलं. त्यानंतर आई शिलाई मशीन थांबवून विचारायची, "आमचा कितवा आला रे?" फोन म्हणायचा, "अकरावा." आई म्हणायची, "म्हणजे धडधाकट आहे," आणि पुन्हा मशीनवर पाय मारायला लागायची.

त्या रविवारी थोरली ऑफिसात होती. शर्यतीच्या दिवशी साधनावर ताण यायचा, कुणीतरी लक्ष ठेवायला लागायचं. दुपारी पडद्यावर शर्यत थांबवल्याची ओळ आली. लाल झेंडा. असं अधूनमधून व्हायचंच. पण पाठोपाठ भिंगरीच्या मेकॅनिकचा फोन आला. नेहमी मोठ्याने बोलणारा तो माणूस कुजबुजत होता.

"ताई, गाडी कठड्यावर गेली. पेट घेतला."

"तो कसा आहे?"

"ताई..." एवढंच तो पुन्हा म्हणाला.

"दादा, कसा आहे तो?"

"नाही राहिला, ताई."

तिने फोन टेबलावर ठेवला, तोच पुन्हा वाजला. आई होती. मागे शेजारच्या काकूंचा आवाज येत होता, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"अगं, तिसरा आला! आपला भिंगरी तिसरा! मी तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तेच सांगतोय. त्याचा फोन लागत नाहीये, गर्दीत असेल. तुझा लागला का?"

ही बातमी फोनवर कशी द्यायची? "मी घरी येते," एवढंच ती म्हणाली.

"ये, ये! लवकर ये!"

ती पोचली तेव्हा आईने ठेवणीतली साडी नेसली होती. थोरलीचा चेहरा पाहून काकू आधी गप्प झाल्या. आई मात्र बोलतच होती. थोरलीने तिचे दोन्ही हात धरून तिला खाली बसवलं आणि सांगितलं.

आई रडली नाही. हात सोडवून घेत तिने फोन उचलला. "आमचा कितवा आला?"

"तिसरा," फोन म्हणाला.

"बघ. खोटं बोलतोय का हा?"

"नाही, आई. शर्यत मध्येच थांबवली की आधीच्या फेरीतले नंबर धरतात. तसा नियमच आहे. त्या फेरीत तो तिसरा होता."

"मेलेल्या माणसाला नंबर देतात?"

"तेव्हा तो जिवंत होता, आई."

मग आईने जो हंबरडा फोडला, तो ऐकून खालच्या दुकानातली माणसं जिना चढून वर आली.

अंत्यसंस्कार झाले. आई कुणाशी बोलेना. एका सकाळी थोरली केस विंचरून देत असताना ती म्हणाली, "तू मला तेव्हाच सांगायला हवं होतंस. माझं लेकरू तिकडे जळत होतं आणि मी इकडे टाळ्या पिटत होते. तू येईस्तोवर हसत होते मी."

थोरली विंचरत राहिली. ऑफिसात साहेब म्हणाले होते, "साधनाने चूक केली नाही, निकाल बरोबरच दिला." तिने ते ऐकून घेतलं होतं. मग शर्यत थांबली असेल तर नंबराआधी थांबण्याचं कारण सांगावं, अशी दुरुस्ती तिने साधनात करून टाकली होती. तिच्या आईला त्याचा आता काय उपयोग होता?

आयोजकांनी चषक घरी पाठवला. आईने तो खोक्यातच राहू दिला. मग एकदम विचारलं, "चौथा कोण आला होता?"

थोरलीने शोधलं. चौथा आलेला मुलगा भिंगरीच्या मागेच धावत होता. मेकॅनिकने बाकीचं सांगितलं. आग पाहून त्या मुलाने स्वतःची गाडी थांबवली आणि पळत जाऊन दार ओढलं. दार उघडलं नाही.

"त्याला बोलाव," आई म्हणाली.

तो आला. भिंगरीच्याच वयाचा, दोन्ही पंजांना बँडेज. दारातच उभा राहिला. आईने त्याला बसवलं आणि खोकं पुढे सरकवलं. "हे तुझं. तू थांबलास, बाकीचे पुढे गेले."

"नको, काकू. माझ्याच्याने नाही घेववणार."

"काही बोलला का तो?"

त्याने थोरलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. खोटं बोलायला हा क्षण सोपा होता.

"नाही, काकू. मी पोचलो तेव्हा तो शुद्धीत नव्हता."

"नक्की?"

"नक्की. मी हाका मारल्या. खूप मारल्या."

थोरलीने चहा आणला. त्याला कप धरता येईना. दोन मनगटांमध्ये पकडायला गेला, तर चहा हिंदकळला. आई उठली, त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने कप त्याच्या ओठांना लावला.

"सावकाश," ती म्हणाली. "गरम आहे."