डाव्या खांद्यातला ठिपका

ठिपका दंतवैद्याच्या दवाखान्यात शिरला, तेव्हा मात्र शिंपीणबाईच्या मनात पाल चुकचुकली.

"अहो, आप्पांना एकही दात नाही," ती स्कूटरच्या मागच्या सीटवरून म्हणाली.

"मग नवे बसवायला गेले असतील," नवरा म्हणाला. हेल्मेटच्या आतून माणूस काहीही ठामपणे म्हणू शकतो.

ठिपका निळा होता आणि नवऱ्याच्या फोनवर होता. आप्पा, म्हणजे नवऱ्याचे वडील, सकाळी घरातून कुणालाही न सांगता निघून गेले होते. त्यांच्या कोटाच्या डाव्या खांद्याच्या पॅडमध्ये जीपीएसची एक चकती शिवलेली होती, काडेपेटीच्या निम्म्या आकाराची. ती आकाशातल्या उपग्रहांना आपण कुठे आहोत ते विचारायची आणि मिळालेलं उत्तर फोनला सांगायची. चकती नवऱ्याने आणली होती, शिवली शिंपीणबाईने.

नवरा मोबाइलच्या दुकानात विक्रेता होता, आणि जे विकायचा त्यातलं निम्मं स्वतःच विकत घ्यायचा. त्यांच्या घरातला दात घासायचा ब्रश नवऱ्याच्या फोनला चहाडी करायचा. वजनकाटा आकडा दाखवून थांबत नसे, सल्लाही द्यायचा. पाण्याची बाटली तहान लागल्याची आठवण करून द्यायची. अख्ख्या घरात चार्जिंग लागत नसे ते फक्त आप्पांना, आणि तेच हल्ली वरचेवर बंद पडत. स्वयंपाकघरात उभं राहून ते स्वयंपाकघराचा रस्ता विचारत. दोनदा हरवले आणि दोन्ही वेळा भलत्याच पोलीस चौकीत सापडले.

दुसऱ्यांदा सापडले त्या दिवशी नवऱ्याने शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात नाव घातलं. तिथे परवाच एक खाट रिकामी झाली. हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"मला काय हौस आहे का?" नवरा म्हणाला होता. "दुकानात उभा असतो तरी जीव टांगणीला लागलेला असतो."

"त्यांना तिकडे कोण ओळखणार?"

"ते तरी कुणाला ओळखतात?"

त्यावर शिंपीणबाईने चकती मागून घेतली. ठिपका दिसतोय तोवर आप्पा घरी राहतील, ठिपका हरवला तर खाट त्यांची, असा नवराबायकोत करार झाला. तेव्हापासून ती एक टीप घालायची आणि एकदा फोन बघायची. तिच्या हातच्या शिलाया कधी नव्हे त्या वाकड्या जाऊ लागल्या.

आज सकाळी तिचं एक गिऱ्हाईक, विमावाले साहेब, तिने शिवलेला नवा कोट न्यायला आले. एका बटणावरून त्यांनी इतकी हुज्जत घातली, की तेवढ्यात आप्पा कोट चढवून दारातून गेले ते तिच्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा तिने दुकानात फोन केला. नवरा मालकाला काहीतरी सांगून निघाला. ठिपका तोवर गाव ओलांडून गेला होता.

"बसने गेले," नवरा म्हणाला. "म्हणजे डोकं चालतंय अजून."

आधी ठिपका एका बँकेत गेला. ते तिथे पोहोचेपर्यंत निघून गाद्यांच्या दुकानात गेला. तिथून जलतरण तलावावर. तिथे त्यांनी कुंपणाला तोंड लावून पाण्यातला एकेक म्हातारा निरखला, तेव्हा रखवालदाराने त्यांनाच हटकलं. मग हा दंतवैद्य. प्रत्येक ठिकाणी पोहोचावं आणि ठिपक्याने हातावर तुरी द्यावी. फोनमधली बाई न थकता सांगत होती, दोनशे मीटरवर उजवीकडे वळा. वळले की म्हणायची, मार्ग पुन्हा शोधत आहे. ती एवढ्या शांतपणे शोधायची, की शिंपीणबाईला तिला दोन फटके द्यावेसे वाटले.

"ऐंशीचा माणूस एवढा धावतो कसा?" तिने विचारलं.

"पायाला भिंगरी लागलीय. वजनकाटा मागेच म्हणाला होता, आप्पांचं वजन उतरतंय."

"कुठेतरी थांबून कुणाला तरी विचारू या ना."

"विचारायचं काय त्यात? समोर दिसतायत."

अखेर ठिपका एका सलूनमध्ये गेला आणि थांबला. या वेळी स्कूटर वेळेवर पोहोचली. आत खुंटीला कॉफीच्या रंगाचा कोट लटकत होता. शिंपीणबाईने दारातूनच आपली शिलाई ओळखली आणि तिचा जीव भांड्यात पडला. समोरच्या खुर्चीत, गळ्याशी कापड बांधून, डोळ्यांपर्यंत फेस लावलेला एक माणूस मान मागे टाकून बसला होता.

नवरा त्याच्या समोर जाऊन उभा राहिला.

"किती छळायचं माणसाने," तो म्हणाला. "चला घरी. मुकाट्याने चला."

फेसाने डोळे उघडले. "कुणाच्या घरी?"

आवाज विमावाल्या साहेबांचा होता.

शिंपीणबाईने खुंटीवरचा कोट काढून डावा खांदा चाचपला. चकती होती. मग तिने कोट उलटा करून पाहिला. अस्तर साहेबांच्या कोटाचं होतं. ती बाकावर बसली.

साहेबांचा कोट शिवून त्याच ताग्यातलं कापड उरलं होतं. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून त्यातच तिने आप्पांचा कोट शिवला. दोघांची मापंही, एक पोट सोडलं तर, सारखीच निघाली. दोन्ही कोट एकाच दांडीवर शेजारी शेजारी टांगलेले. चकती शिवली त्या दुपारी आप्पा मशीनशेजारी उभे राहून दर पाच मिनिटांनी तिला "तुम्ही कोण?" विचारत होते. उत्तर देता देता तिने कुठल्या कोटाचा खांदा उसवला, ते आज कळलं.

"सकाळपासून म्हणतोय, डावा खांदा जड का लागतोय," साहेब म्हणाले. मग त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर वेगळीच शंका उतरली. "ही पाळत कुणी ठेवायला सांगितली? आमच्या मंडळींनी?"

नवरा फोनकडे बघत होता. ठिपका अजूनही तिथेच, सलूनच्या मधोमध, अगदी अचूक होता.

"म्हणजे सकाळपासून आप्पांना कुणी शोधतच नाहीये," शिंपीणबाई म्हणाली.

एवढं बोलून ती उठली आणि कोट हातावर टाकून चालू लागली.

"माझा कोट कुठे नेताय?" साहेब फेसातून म्हणाले.

"नमुना म्हणून," ती म्हणाली.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबली. नवऱ्याने पाहिलं तर ठिपका आता त्यांच्याच मागोमाग घरी येत होता. त्याने फोन खिशात टाकला. पुढचं काम त्याला जमणारं नव्हतं. रस्त्यावरच्या माणसाला रस्ता विचारायची त्याची सवय केव्हाच मोडली होती. तो बायकोच्या मागे, शाळेत चुकीच्या वर्गात शिरलेल्या मुलासारखा उभा राहिला.

तिने पहिल्यांदा किल्लीवाल्याला गाठलं आणि कोट त्याच्यापुढे धरला. "या कापडाचा कोट घातलेले आजोबा दिसले का हो?"

किल्लीवाल्याने कापड बोटांत धरून पाहिलं. "कापड हेच. पण त्यांना तो चांगला बसला होता. हा जरा ढगळ वाटतो."

"गेले कुठे?"

"नेहमीसारखे तिकडेच." त्याने मागच्या बोळाकडे बोट केलं. "का, आज काही विशेष आहे?"

"नेहमीसारखे म्हणजे?" नवऱ्याने विचारलं. दिवसभरात त्याने अनोळखी माणसाला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"अहो, जातात की अधूनमधून. तुम्ही मुलगा ना? बरे आहात ना?"

बोळाच्या टोकाला लाँड्री होती. घरामागची गल्ली ती. आपल्या मोरीच्या खिडकीतून तिची वाफ दिसते, हे शिंपीणबाईला तिथे उभं राहिल्यावर आठवलं. आत वाफेत आप्पा होते. कोट काढून खुर्चीला लावलेला. एका मोठ्या चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात, दोन लाँड्रीवालीच्या. दोघं जवळ यायची, टोकाला टोक मिळवायची, लांब जायची. आप्पांच्या हातांना सगळं ठाऊक होतं.

शिंपीणबाईला पाहून त्यांनी नम्रपणे विचारलं, "बाई, पावती आणलीय का?"

तिला हसू आलं आणि त्यामागोमाग जे आलं ते तिने कोटाच्या बाहीत दाबलं.

"आम्हाला वाटलं, तुम्हीच पाठवता," लाँड्रीवाली म्हणाली. "चादर एकटीला धड घडी होत नाही हो, ताई. कंटाळले की मी कोपऱ्यापर्यंत सोडते. कधीकधी माझ्याकडून राहून जातं, तेव्हा मात्र माझ्या काळजाचं पाणी होतं."

तेव्हाच ते चौकीत सापडत असणार, हे नवराबायकोला कळलं.

"आप्पा, मी आलोय," नवरा पुढे होऊन म्हणाला.

आप्पांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मग उभा काय राहिलास? टोक धर."

नवऱ्याने टोक धरलं. चादर गरम होती. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजू लागला. दोन्ही हात गुंतलेले, आणि आप्पा टोक सोडू देईनात. शिंपीणबाईने फोन काढून पाहिला. वृद्धाश्रमाचा होता. तिने तो नवऱ्याच्या कानाला लावला आणि दुसरीकडे बघत राहिली.

पलीकडचा माणूस बरंच बोलला.

"नाही," नवरा शेवटी म्हणाला. "सोडा ती जागा. द्या दुसऱ्या कुणाला." मग चादरीचं टोक आप्पांच्या टोकाला नेऊन मिळवत त्याने हळूच पुस्ती जोडली, "पण आमचा नंबर खोडू नका."

चकती आता योग्य कोटात शिवली आहे. विमावाल्या साहेबांचा खांदा हलका झाला. त्यांच्या घरातलं वातावरण हलकं झालं की नाही, कळायला मार्ग नाही. पण लाँड्रीत फार उकडतं, हे आप्पांच्या डोक्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यात पक्कं बसलंय. हल्ली ते कोट घरीच खुंटीला ठेवून जातात, आणि ठिपका दिवसभर खुंटीवर सुखाने बसून असतो.

नवरा दुकानातून फोन करतो. "पोहोचले का?"

"बघते," शिंपीणबाई म्हणते.

ती लाँड्रीत फोन लावते. लाँड्रीवालीचे हात ओले असतात, ती उचलत नाही. शिंपीणबाई आणखी एक टीप घालते. ती वाकडी जाते. उसवते, पुन्हा घालते, तीही वाकडी जाते. मग मशीनवर कापड तसंच टाकून, गिऱ्हाईकाला "आलेच" म्हणत, ती चपला अडकवते आणि मागच्या बोळाकडे निघते. आधी चालत, मग जरा भरभर.