रेंजची खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्चीसाठी मोठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात, असं मी ऐकून आहे. ती खुर्ची वेगळी. माझ्यावर बसवायचं म्हटलं की मुलं भोकाड पसरायची.

एक कपाट करून उरलेल्या लाकडातून सुताराने मला बनवलं. शेवटी लाकूड कमी पडलं असावं, कारण माझा मागचा एक पाय जरासा आखूड राहिला. मला विकत घेणाऱ्या फोटोग्राफरने त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली आणि मला आपल्या स्टुडिओतल्या पडद्यासमोर ठेवलं. पडद्यावर एक निळं तळं रंगवलेलं होतं. "हसू नका, पण हसल्यासारखं दिसा," असं तो प्रत्येकाला सांगायचा. माणसं श्वास रोखून बसायची, लख्ख उजेड पडायचा आणि पुन्हा अंधार व्हायचा. त्या तळ्याच्या काठी मी कितीतरी वर्षं अर्धवट झोपेत काढली. तळं रंगवलेलं आहे हे मला फार उशिरा कळलं.

पुढे जो तो फोनवर स्वतःच फोटो काढू लागला. स्टुडिओला कुलूप लागलं आणि मी फोटोग्राफरच्या घरी मागच्या खोलीत येऊन पडले. अडगळच ती, पण संध्याकाळ माझी चांगली जायची. फोटोग्राफरची मोठी बहीण उताराच्या तळाशी, नाल्याजवळ एकटी राहायची आणि लोकांचे कपडे शिवायची. दिवसाचं काम आटोपलं की ती चढ चढून यायची, माझ्यावर बसायची आणि चहा पीत भावाची खोडी काढायची. "तू काढलेले फोटो बघून किती जणांची लग्नं मोडली असतील रे?" असं विचारायची. ती गेली की तिच्या कपड्यांना चिकटून आलेले दोऱ्याचे तुकडे माझ्यावर राहायचे. मला ते आवडायचे.

त्या घरात फोनला रेंज नव्हती. बोलायचं तर चौकापर्यंत जावं लागे. एकदा फोटोग्राफरची सूनबाई जळमटं काढायला माझ्यावर चढली. तिचं डोकं वरच्या झरोक्याशी पोचलं मात्र, खिशातला फोन वाजला. परगावी नोकरीला असलेल्या तिच्या नवऱ्याचा होता तो. आनंदाने ती अशी नाचली, की मी कोसळता कोसळता वाचले.

त्या दिवसापासून माझं नशीब फळफळलं. मला झरोक्याखाली कायमची जागा मिळाली आणि फोन झरोक्याच्या कठड्यावर राहू लागला. शेजारीपाजारीही येऊ लागले, कारण गल्लीत रेंज फक्त माझ्यावर मिळायची. मी थोडा भाव खाल्ला, हे कबूल. माणसं बोलायची वर, पण मला सगळं कळायचं त्यांच्या पायांवरून. थाप मारणाऱ्याच्या टाचा उचलल्या जायच्या. चांगली बातमी आली की पायाची बोटं हलायची, वाईट आली की तळवे गार पडायचे. कुठकुठल्या दूरच्या गावांतली बोलणी माझ्यातून झिरपत जमिनीत जायची आणि मी डुलक्या घेत ती ऐकायची.

कपडे शिवणाऱ्या त्या बहिणीला सूनबाई आत्या म्हणायची. आत्याच्या खिडकीशीही रेंजची एखादी रेघ यायची. तिचे गुडघे दुखत होते. सूनबाईनेच मग सुचवलं, "आत्या, रोज कशाला चढ चढता? संध्याकाळी नुसता मिस्ड कॉल द्या. म्हणजे तुम्ही ठीक आहात, हे आम्हाला कळेल."

सोय मोठी छान होती. रोज संध्याकाळी फोन एकदा वाजायचा आणि थांबायचा. "ताई बरी आहे," असं म्हणून फोटोग्राफर वर्तमानपत्राचं पान उलटायचा. माझ्यावर दोरे पडणं मात्र बंद झालं.

आणि मग ते वादळ आलं. दुपारीच दिवे लावायची पाळी आली, पण दिवे लागेनात. वाऱ्याने घराघरांचे पत्रे उडवले. पाऊस तर आडवाच येत होता. सूनबाई माझ्यावर चढली. फोनवर एकही रेघ नव्हती. शेजारी आले, एकेकाने चढून हात उंच करून पाहिला आणि मान हलवत घरी गेले. सूनबाई तेवढी पुन्हा पुन्हा चढत राहिली. तिचे तळवे बर्फासारखे झाले होते.

"आत्यांचा मिस्ड कॉल आला नाही, बाबा."

"अगं, रेंजच नाही तर येईल कुठून? ती ठीक असेल."

सूनबाई खाली उतरली. "ठीक नसल्या तरीही येणार नाही ना."

फोटोग्राफर उठला. त्याने बॅटरी उचलली. बाहेर कौलं उडत होती, म्हणून सूनबाईने मला उलटी करून डोक्यावर घेतलं. माझे चारही पाय आभाळाकडे होते. विजेचा उजेड पडे आणि विझे, आणि मला आपण स्टुडिओत आहोत असं वाटत राहिलं.

आत्याची खोली रस्त्यापासून दोन पायऱ्या खाली होती. नाला तिच्या दारात आला होता आणि दार उघडत नव्हतं. खिडकी उघडी होती, तिला गजही नव्हते. बॅटरीच्या उजेडात आत एक तळं दिसलं. त्यावर लाल, पिवळी, हिरवी दोऱ्याची रिळं हळूहळू फिरत होती. पलंगाला पाणी लागलं होतं आणि पलंगावर उभी राहून आत्या फोन छताकडे धरून होती. तिकडे आम्ही हात उंच करत होतो, इकडे ती करत होती, आणि मध्ये होता फक्त एक उतार.

"बोलू नका," ती म्हणाली. "आत्ता एक रेघ आली होती."

"ताई, ठेव तो फोन," फोटोग्राफर म्हणाला. "मी आलोय."

त्यांनी मला खिडकीबाहेर, गुडघाभर पाण्यात ठेवलं. सूनबाईने आत वाकून आत्याला धरलं. पुठ्ठ्याची घडी घरीच राहिली होती आणि मी डुगडुगले तर म्हातारं माणूस पाण्यात पडणार होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात आत्याचे पाय माझ्यावर आले. गल्लीतले सगळे पाय मी ओळखत होते, हे तेवढे अनोळखी होते. ती कधी माझ्यावर उभी राहिलीच नव्हती. तिच्या वजनाने मी चिखलात रुतले, तीन पाय जरा जास्त, आखूड पाय जरा कमी. जन्मात पहिल्यांदा मी पुठ्ठ्याशिवाय सरळ उभी होते. मी हलले नाही. ती सुखरूप उतरली.

पाणी ओसरल्यावर आत्या आपल्या घरी परतली आणि मी तिच्याकडेच राहिले. माझं लाकूड फुगलं आहे, एक सांधा सुटला आहे. झरोक्याखाली आता नवीन स्टूल आहे म्हणे. असू दे. मिस्ड कॉल आता बंद झाला. संध्याकाळी फोटोग्राफर उतार उतरून येतो आणि आत्या शिवत असते. "आधी पाय पूस," असं ती मशीनवरून मान न उचलता सांगते. तो माझ्यावरून उठून परत निघतो तेव्हा दोरे त्याच्या पाठीला चिकटलेले असतात.

मित्रांनो, रेंज असेल तेव्हा फोनवर पोटभर बोला. पण कुणाचा आवाज आला नाही, तर रेंजची वाट बघत उभे राहू नका. जाऊन या. आणि गेलात की थोडं बसा. तिथे माझ्यासारखी एखादी खुर्ची असेलच.