लाल गाडीचं दुसरं इंजन

मी बीदरकडच्या, मराठी-कन्नड सीमेवरच्या कमलनगरची लाल गाडी बोलतेय. दोन दारं, दोनच माणसांची जागा, दुमडून मागे टाकता येणारा कापडी टप आणि जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच पोट. आमच्याकडे जीपच्या टपावरसुद्धा माणसं बसतात. तिथे दोन माणसांची गाडी म्हणजे चेष्टेचाच विषय. मी गावात आले त्या दिवशी एका म्हातारबाबांनी माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "बाकीची गाडी कवा येनार हाय?"

मला राग आला होता. तेव्हा मी तरुण होते आणि भलतीच मिजासखोर होते.

माझा जन्म पंचवीसेक वर्षांपूर्वी समुद्राजवळच्या एका लहान कारखान्यात झाला. माझ्यासारख्या थोड्याच गाड्या तिथे बनल्या आणि कारखान्याला कुलूप लागलं. त्यामुळे मला बहिणी कमी, आणि सुटे भाग त्याहून कमी. हैदराबादच्या एका डॉक्टरांनी मला हौसेने घेतलं, पण त्यांना हौस होती आणि वेळ नव्हता. मला चालवायचा, धुवायचा, पुसायचा तो त्यांचा ड्रायव्हर व्यंकट. डॉक्टर मुलाकडे परदेशी जायला निघाले तेव्हा माझी किल्ली त्यांनी व्यंकटच्या हातावर ठेवली. म्हणाले, "हिचे लाड तूच केलेस, आता तूच सांभाळ."

अशी मी व्यंकटच्या गावी, कमलनगरला आले.

व्यंकटने मला लेकीसारखं ठेवलं असं मी म्हणणार नाही, कारण लेकीला कोणी दिवसातून दोनदा धूत नाही. उन्हात उभी केली की स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल तो माझ्या बोनेटवर टाकायचा. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर माझ्यावर असायची. हार, गुलाल, ढोल आणि मुंगीच्या पावलाने चालणं. त्या चालीने माझं इंजन तापायचं. व्यंकट खाली उतरून बोनेटला हात लावायचा आणि हळूच म्हणायचा, "थोडं दम धर, बाई. आजच्या दिवशी न्हाई रुसायचं."

मी दम धरायचे. पण माझं इंजन मुळातच तापट होतं, हे मान्य करायला हवं.

त्या तापटपणापायी व्यंकटचं एक वचन राहून गेलं. त्याची बायको शोभाबाई चिटगुप्प्याची. कमलनगरहून चिटगुप्पा म्हणजे भालकी, हल्लीखेड, हुमनाबाद करत अर्ध्या दिवसाचा रस्ता. तिथे तिची थोरली बहीण राहते, जिला सगळे अक्का म्हणतात. बुद्धपौर्णिमेला अक्काकडे खीर असते आणि शोभाबाई ती कधी चुकवायची नाही. व्यंकट म्हणायचा, "तुला टप उघडा टाकून चिटगुप्प्याला नेतो. अक्का दारात येऊन बघतच राहिली पाहिजे."

दोनदा निघालो. पहिल्यांदा मी भालकीला तापले. दुसऱ्यांदा हल्लीखेडच्या पुढे बंद पडले. दोन्ही वेळा शोभाबाई पिशव्या उचलून बसने पुढे गेली आणि व्यंकट माझ्यापाशी बसून राहिला. मला लाज वाटली नाही असं नाही.

तीन वर्षांपूर्वी व्यंकट गेला. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला आणि बीदरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर मी घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिले. तीन पावसाळे पाणी झिरपलं, उंदरांनी वायरी कुरतडल्या आणि इंजन गंजून जाम झालं. शोभाबाई दर रविवारी ओल्या फडक्याने मला पुसायची, काचेपासून चाकांपर्यंत. दार मात्र उघडायची नाही. आत एकदाही बसली नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात अक्काचा फोन आला. "शोभा, या पौर्णिमेला तरी ये. पुढच्या पौर्णिमेचं मी काय सांगू?" शोभाबाईने फोन ठेवला, शेडमध्ये आली आणि माझ्या छताला हात लावून बराच वेळ उभी राहिली. हे तिच्या मुलाने, बुद्धरत्नने, दारातून पाहिलं.

बुद्धरत्न उदगीरला एका आयटीआयमध्ये गाड्यांचं काम शिकवतो. शाळाही मराठीत, नोकरीही पलीकडच्या मराठी मुलखात, त्यामुळे त्याचं कन्नड बसची पाटी वाचण्यापुरतं. हाताने मात्र तो बापासारखाच. संध्याकाळी जेवताना म्हणाला, "माय, गाडीत नवं इंजन घालतो. पौर्णिमेला तुला हिच्यातच चिटगुप्प्याला नेतो."

शोभाबाईचा घास हातातच राहिला. "त्यांचं इंजन काढून दुसऱ्याचं घालनार? मंग गाडी त्यांची कशी राहील रं?"

"तुझ्या डोळ्यात नवं भिंग बसवलं की गेल्या साली. मंग तू माझी माय न्हाईस का?"

शोभाबाईने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. सून संध्या शाळेत शिकवते, सासूला आत्या म्हणते, आणि तिला हिशेबी बोलायची सवय. ती म्हणाली, "तुमी करा. पन पौर्णिमेपातुर चालू झाली तर झाली. न्हाई तर भंगारवाला दोनदा विचारून गेलाय. आत्या रोज तिला बघून झुरायल्यात, ते मला बघवंना."

संध्याचं मला वाईट वाटलं नाही. ती खरंच बोलत होती.

बीदरच्या आरटीओत परवानगीचे कागद झाले आणि कलबुर्गीहून नवं इंजन आलं. मागून ठोकर बसलेल्या एका नव्या गाडीचं ते होतं, पुढचा भाग शाबूत. विकणारा लिंगराज जुन्या इंजनांचा व्यापारी आणि स्वतः पट्टीचा मिस्त्री. "काय बी अडलं तर फोन करा अण्णा," असं त्याने सांगितलं होतं. घरचं बोलणं कन्नड, पण त्याला आपल्या मराठीचा मोठा अभिमान होता.

माझं जुनं इंजन काढलं तो दिवस मी विसरणार नाही. बोअरची मोटार वर काढायचा लोखंडी तिपाया आणला, त्याला साखळी लावली. एकेक बोल्ट सुटत होता. ज्याला मी इतकी वर्षं तापट म्हणून नावं ठेवली, ते अधांतरी लोंबकळताना पाहून मला गलबलून आलं. शोभाबाई पदर तोंडाला लावून उभी होती. बुद्धरत्न म्हणाला, "भंगारात न्हाई देनार, माय. आयटीआयत नेतो. बाबाच्या इंजनावर पोरं शिकतील." तेव्हा ती घरात गेली.

नवं इंजन आकाराने लहान, पण नखरे फार. त्याच्यासोबत वायरींचा एवढा मोठा गुंता आणि एक कंप्युटरचा डबा. माझ्या पोटात ते सरळ बसेना. बुद्धरत्नने पट्ट्या कापल्या, वेल्डिंग केलं, बसवलं, तर बोनेट बोटभर उघडं राहिलं. पुन्हा काढलं, पुन्हा कापलं. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी माझ्याखाली पडून गेली. संध्या चहा आणायची आणि जमिनीवरच्या दोन पायांना विचारायची, "साखर कमी घालू का जास्ती?"

पौर्णिमेला पाच दिवस राहिले असताना किल्ली फिरली. मी चालू झाले! तीन वर्षांनी अंगात धग आली. काय सांगू, शेडचा पत्रासुद्धा माझ्यासोबत थरथरला. पण दहा मिनिटं झाली आणि तापमानाचा काटा वर चढू लागला. बुद्धरत्नने घाईने बंद केलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. मला वाटलं, इंजन बदललं पण माझं नशीब काही बदललं नाही.

त्याने लिंगराजला फोन लावला.

"अण्णा," लिंगराज म्हणाला, "पाणी तुंबलंय का न्हाई?"

"न्हाई हो, कुठंच तुंबलं न्हाई. पाइप सगळे फुंकून बघितलो."

"अय्यो! तुंबलं न्हाई? मंग तुंबवा की आदी! पूर्ण तुंबवा, मंग चालू करा."

बुद्धरत्नने फोन ठेवला. पाणी तुंबवायचं? पण लिंगराज इंजनांचा जाणकार. नव्या इंजनांची काही तरी नवी तपासणी असेल, असं त्याने मनाशी धरलं. रेडिएटरच्या बाजूला जादा पाणी बाहेर पडायची बारीक नळी असते. तिच्यात त्याने चिंधीचा बोळा कोंबला आणि मला चालू केलं.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. शिकवणाऱ्या मास्तराने असं करावं? पण मोठ्या माणसाचा शब्द म्हटला की शहाणी माणसंही डोकं बाजूला ठेवतात, हे मी मिरवणुकीपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे पाहिलं आहे. पाच-सात मिनिटांत एक पाइप फटकन निसटला आणि शेडभर वाफ झाली. नशीब, बुद्धरत्न स्टेअरिंगपाशी होता. वाफ विरली तेव्हा तो माझ्या दाराला टेकून खाली बसला होता.

"संपलं," तो म्हणाला. "इंजनच खराब निघालं वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने लिंगराजला पुन्हा फोन केला, इंजन परत घ्या म्हणून सांगायला. हात काळे होते म्हणून फोन माझ्या बोनेटवर ठेवून आवाज मोठा केला. शेजारी शोभाबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. चिटगुप्प्याला बसनेच जायचं, असं तिने मनोमन ठरवून टाकलं होतं. गाडीने निघायचं ठरवून बसने, तिसऱ्यांदा.

"इंजन चांगलं हाय अण्णा!" लिंगराज तिकडून कळवळून म्हणाला. "मी पयलेच सांगितलो, पाणी पूर्ण तुंबवा म्हणून. तुमी तुंबवलाच न्हाई!"

"तुंबवलो की! चिंधी कोंबून तुंबवलो. पाइप उडाला माझा!"

शोभाबाईचा हात थांबला. तिने सूप खाली ठेवलं आणि हसायला लागली. व्यंकट गेल्यापासून मी तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं.

"माय, कामून हसायलीस?"

"आरं येड्या, त्यो भर म्हनायलाय! कन्नडात तुंबसु म्हंजी भर. 'कोडा तुंबसु, कोडा तुंबसु' म्हनून माझी माय सकाळपासनं माझ्या मागं लागायची, घागर भर म्हनून. पानी गळ्यापातुर भर म्हनायलाय त्यो. चिंधी कोंब म्हनायला न्हाई!"

फोनवरून लिंगराज आनंदाने ओरडला, "हौद्री ताई, हौद्री! बरोबर! पन मी मराठीतच बोलायलो न्हवं?"

मग शोभाबाईने फोन हातात घेतला आणि लिंगराजशी कन्नडात बोलू लागली. घरात कधी कोणाशी न बोललेलं, माहेरचं, घागरीच्या काठाकाठाने वाहणारं कन्नड. बुद्धरत्न तोंड उघडं टाकून आईकडे पाहत होता. बोलणं संपल्यावर तिने सांगितलं, "हिच्या पोटात हवा अडकलीया. पुढची चाकं उचाव, वरचा पाइप ढिला कर, आन बुडबुडं थांबंस्तवर पानी भर. बाजूला सर, म्या भरते."

पुढची चाकं दगडांवर चढवली. शोभाबाईने पदर खोचला आणि तांब्याने पाणी ओतू लागली. एक तांब्या, दोन, पाच. मी गुडगुडत होते. आठव्या तांब्याला शेवटचा बुडबुडा फुटला आणि पाणी काठाशी येऊन स्थिर राहिलं. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी इतकं निगुतीने पाजलं होतं.

किल्ली फिरवली. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. काटा मध्यावर गेला आणि तिथेच थांबला. संध्या बाजारातून आली तेव्हा मी चालूच होते. तिने भंगारवाल्याचा नंबर लिहिलेला चिठोरा फाडला आणि चुलीत टाकला.

पौर्णिमेला सकाळी शोभाबाई पांढरं पातळ नेसून बाहेर आली. जागा दोनच, म्हणून संध्या पहिल्या बसने पुढे गेली होती. बुद्धरत्नने माझा टप मागे टाकला. शोभाबाईने तीन वर्षांनी माझं दार उघडलं, आत बसली आणि पाय सावरून म्हणाली, "चल."

भालकी आली. "हितं तापली होती," ती म्हणाली. मी तापले नाही. हल्लीखेड गेलं. "हितं तुझे बाबा दगडावर बसले होते." तिने मान वळवून तो दगड दिसेनासा होईपर्यंत पाहिला. हुमनाबाद मागे पडलं आणि तिने पदर सावरून घेतला.

चिटगुप्प्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा अक्का दारात उभी होती, एक हात संध्याच्या खांद्यावर, दुसरा डोळ्यांवर आडवा. माझ्याकडे बघतच राहिली. व्यंकटने म्हटलं होतं, अगदी तशी.

मी थांबले. इंजन बंद झालं. शोभाबाई मात्र उतरेना, बोलेना. दोन्ही हात मांडीवर तसेच.

बुद्धरत्न घाबरला. "माय, काय झालं? बोल की."

तिने छातीवर हात ठेवला. "तुंबलंय रं."

"कन्नडात का मराठीत?"

तिने डोळे पुसले. "दोन्हीत."

तर अशी माझी कथा. आता मी दर रविवारी बाहेर पडते. इंजन दुसऱ्याचं आहे, पाणी शोभाबाईने भरलेलं आहे, आणि बोनेटवर अजून व्यंकटचाच टॉवेल असतो. कधी कमलनगरच्या रस्त्यावर दिसले तर हात करा. फक्त बाकीची गाडी कुठंय, असं विचारू नका. आहे ती एवढीच.